भाठा ते कन्हार : भिलाई परिसरातील मृदांची ओळख

भिलाई (छत्तीसगड) : सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या आणि 1959 मध्ये उत्पादन सुरू झालेल्या पोलाद प्रकल्पामुळे भिलाईचे नाव देशभर पोहोचले, मात्र शहराभोवतालचा दुर्ग जिल्हा मूलतः भातशेतीचा आहे. येथील शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे चार प्रकार मानतात. पोत, खोली, निचरा व जलधारणक्षमता या संज्ञांद्वारे मृदाशास्त्र जे सांगते, त्याचा मोठा भाग या चार नावांत सामावलेला आहे. ‘कन्हार’ हा शब्द भंडारा-गोंदिया भागातील शेतकऱ्यांनाही परिचित आहे.

ही चार नावे उतारावरील स्थानांची आहेत. माथ्यावर भाठा असते : उथळ, लालसर, मुरमाड. पाणी तेथे थांबत नाही. तिच्या खाली पिवळसर, हलक्या पोताची मटासी आढळते; बांध घालून तिच्या बांध्या केल्या जातात. त्यानंतर मध्यम प्रतीची डोरसा आणि सर्वांत खाली सखल भागात काळी, खोल, चिकण कन्हार. आधुनिक वर्गीकरणात त्यांना अनुक्रमे एंटिसॉल, इन्सेप्टिसॉल, अल्फिसॉल व व्हर्टिसॉल या गणांत ठेवले जाते. उतारावरील अशा मृदाक्रमाला ‘कटेना’, म्हणजे साखळी, ही संज्ञा जेफ्री मिल्न या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिली.

या साखळीचे कारण पाण्यात आहे. पावसाचे पाणी उतारावरून वाहताना सूक्ष्म कण आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखी विद्राव्य द्रव्ये खाली नेते. जाडे कण वर राहतात. म्हणून भाठा आम्लधर्मी व अन्नद्रव्यांत दरिद्री राहते, तर कन्हार उदासीन ते किंचित अल्कधर्मी असते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने येथे एक फरक लक्षात घ्यावा. दख्खनची काळी जमीन बसाल्टपासून बनली. भिलाईच्या परिसरात प्रामुख्याने चुनखडक व शेल हे स्तरित खडक आहेत. पोलाद प्रकल्पाला चुनखडक पुरवणारी नंदिनी खाण याच जिल्ह्यात आहे. काळा रंग दिसला की खाली बसाल्ट असणारच, हा समज त्यामुळे टिकत नाही.

0.002 मिलिमीटरपेक्षा लहान कणांना चिकणकण म्हणतात. त्यांचे एकत्रित पृष्ठफळ प्रचंड असते आणि त्यावरील ऋणभारामुळे पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम यांचे धनभारित कण धरून ठेवले जातात. कन्हार मृदेतील चिकणखनिज पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यातील खोल भेगा त्याच्याच. अशा जमिनीत वापसा अल्पकाळ टिकतो. त्याआधी नांगर चिकटतो आणि नंतर ढेकळे फुटत नाहीत. भाठा मात्र पावसानंतर लवकर मशागतीस येते आणि तितक्याच लवकर सुकते.

मृदेचा रंग मुख्यतः लोह व सेंद्रिय पदार्थ ठरवतात. हेमॅटाइटमुळे लाल छटा येते, गोथाइटमुळे पिवळी. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील डोंगरांचा तांबूस रंगही हेमॅटाइटचाच. भाताच्या बांधीत पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे क्षपण होते आणि माती राखाडी होते. या क्रियेत लोहाशी बांधलेला काही स्फुरद मोकळा होतो, तर जस्ताची उपलब्धता घटते. भातात जस्ताची कमतरता वारंवार का दिसते, याचे उत्तर काही अंशी येथे मिळते.

या सर्वाचा खरा कस सप्टेंबरअखेरीस लागतो. मॉन्सून लवकर परतला तर भाठा व मटासीवरील भात लोंब्या भरण्याआधीच ताणात सापडतो. कन्हारवरील पीक साठलेल्या ओलाव्यावर तग धरते. म्हणूनच हलक्या जमिनीसाठी कमी कालावधीचे, तर खोल जमिनीसाठी मध्यम ते दीर्घ कालावधीचे वाण सुचवले जातात. कन्हारमध्ये उभ्या भातातच लाखोळी किंवा जवस फेकून पेरण्याची ‘उतेरा’ पद्धतही याच ओलाव्याच्या आधाराने चालते. भाठ्यावर तिचे अनुकरण केल्यास बियाणे वाया जाते.

माती परीक्षणाचा विचारही याच संदर्भात करावा लागतो. 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, चार प्रमुख व दुय्यम अन्नद्रव्ये आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे 12 निकष तपासले जातात. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांहून कमी किंवा उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोहून कमी असल्यास प्रमाण ‘कमी’ समजले जाते. योजनेच्या मूळ निकषांनुसार बागायती क्षेत्रात 2.5 हेक्टरमागे, तर कोरडवाहू क्षेत्रात 10 हेक्टरमागे एक नमुना घेतला जाई. दहा हेक्टरच्या चौकोनाची बाजू सुमारे 316 मीटर भरते. जेथे इतक्या अंतरात उतार मटासीकडून कन्हारकडे जातो, तेथे एकत्रित नमुन्याचा आकडा दोन्ही जमिनींपैकी एकीलाही लागू पडत नाही. पाठ्यपुस्तकांतील ‘रंग, उतार किंवा पोत बदलल्यास नमुना वेगळा घ्यावा’ ही सूचना बहुधा घाईत वाचली जाते. या प्रदेशात ती सर्वांत महत्त्वाची आहे. नमुना घेताना पृष्ठभागावरील काडीकचरा दूर करून 15 सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा करावा, अनेक ठिकाणची माती एकत्र करून चार भागांच्या पद्धतीने ती सुमारे अर्धा किलोपर्यंत कमी करावी. बांध, झाडाखालची जागा व खताच्या ढिगाचा परिसर टाळावा.

पोलादनिर्मितीतील चुनायुक्त धातुमळी बारीक दळून आम्लधर्मी जमिनीच्या सुधारणेसाठी वापरता येते, कारण तिच्यातील कॅल्शियमची संयुगे सामू वाढवतात. तिचा विचार सामू तपासल्यानंतर आणि मळीतील जड धातूंचे प्रमाण पाहूनच, तोही भाठा किंवा आम्लधर्मी मटासीसाठी करता येतो. कन्हारला तिची गरज नसते.