बिनतारी जाळ्यांचे सेवा-नकार हल्ल्यांपासून संरक्षण

बिनतारी जाळ्यावर बनावट संदेशांचा मारा करून किंवा रेडिओलहरींत व्यत्यय आणून अधिकृत वापरकर्त्यांना सेवा मिळू न देणे, यास सेवा-नकार हल्ला म्हणतात. यात माहिती चोरीस जात नाही, वापर खुंटतो. त्यामुळे केवळ पासवर्ड अवघड ठेवल्याने त्यास अटकाव होत नाही, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही.

हल्ल्यांचे स्वरूप

वाय-फाय ज्या ८०२.११ मानकावर चालते, ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात मजकूर सांकेतिक करण्याची सोय होती. जोडणी तोडण्याचे संदेश मात्र उघडेच राहिले. राउटरच्या नावाने असा संदेश कोणीही पाठवावा आणि संगणकाने तो खरा मानावा, अशी ही स्थिती. जॉन बेलार्डो व स्टीफन सॅव्हेज यांनी २००३ मध्ये या त्रुटीची प्रात्यक्षिकासह चिकित्सा केली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मॅरियट हॉटेल कंपनीस ६ लाख डॉलर दंड केला, तो याच प्रकारासाठी. नॅशव्हिल येथे पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट तोडले जात होते.

दुसरा प्रकार अधिक धूर्त आहे. प्रत्येक फ्रेम 'मी इतका वेळ बोलणार' असे इतरांस कळवते. ही मुदत ३२,७६७ मायक्रोसेकंदांपर्यंत सांगता येते. ती वारंवार खोटी सांगितली, की बाकीची उपकरणे शिस्तीने गप्प बसतात.

शेतातील संवेदकांना वेगळा धोका असतो. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेती प्रकल्पासारख्या उपक्रमांत जमिनीतील ओलाव्याच्या नोंदींवरून पाण्याचा सल्ला दिला जातो. बॅटरीवरील बिनतारी संवेदक सतत जागे ठेवले, तर बॅटरी लवकर संपते आणि नोंदी थांबतात.

संरक्षण

२००९ च्या ८०२.११डब्ल्यू दुरुस्तीने जोडणी तोडण्याच्या संदेशांवर गुप्त किल्लीची खूण आली. खूण न जुळल्यास संदेश टाकून दिला जातो. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे संरक्षण अनिवार्य आहे. जुन्या राउटरांत ते अनेकदा ऐच्छिक असते. तेथे 'आवश्यक' हा पर्याय निवडावा. मात्र मग जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. खोट्या मुदतीवर कमाल मर्यादा घालणे हा उपाय बेलार्डो व सॅव्हेज यांनीच सुचविला होता.

लहरीच दाबून टाकल्या, तर सांकेतिक खुणांचा उपयोग नाही. चॅनेल बदलणे, ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरणे, दिशादर्शी अँटेना लावून व्यत्ययाचा उगम शोधणे, एवढेच हाती राहते. परीक्षा केंद्र किंवा रुग्णालय अशा ठिकाणी महत्त्वाचे संगणक तारेनेच जोडलेले बरे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्टीही व्यत्यय आणते, म्हणून हल्ल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी तीही तपासावी.

कायदा

अधिकृत व्यक्तीस संगणक-जाळ्याचा वापर नाकारणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे. ते अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.