भारतातील मोबाइल दूरसंचार आणि ऊर्जावापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नवे तंत्रज्ञान कार्यक्षम असते, म्हणून त्यामुळे ऊर्जेची बचत होते, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी 1865 मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात याच्या उलट निरीक्षण नोंदविले. वाफेचे इंजिन काटकसरी झाले, तरी ब्रिटनमधील कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ती नवनव्या कामांसाठी वापरली जाऊ लागली. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांतील डिजिटल तंत्रज्ञानाचा विचार करताना हे निरीक्षण उपयुक्त असले तरी पुरेसे नाही. तंत्रज्ञानामागील वीजव्यवस्था कशी आहे, यावरही ऊर्जावापर ठरतो. भारतातील मोबाइल दूरसंचाराचा इतिहास याची साक्ष देतो.

मनोरे आणि डिझेल

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. भारतातील मोबाइल सेवेचा हा आरंभ होय. 1999 च्या नव्या दूरसंचार धोरणाने निश्चित परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाट्याची पद्धत स्वीकारली आणि सेवेचा झपाट्याने विस्तार झाला. 2012 पर्यंत जोडण्यांची संख्या 90 कोटींवर गेली.

हा विस्तार झाला त्या काळात ग्रामीण वीजपुरवठा मात्र अपुरा होता. महाराष्ट्रातही खेड्यांना रोज अनेक तासांचे भारनियमन सोसावे लागत होते. मनोरा क्षणभरही बंद ठेवता येत नसल्याने त्याच्या पायथ्याशी डिझेल जनित्र आले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2011 च्या शिफारशींनुसार देशात सुमारे 3 लाख 10 हजार मनोरे होते. त्यांच्या गरजेपैकी सुमारे 60 टक्के वीज डिझेल जनित्रांतून येत असे आणि त्यासाठी वर्षाला सुमारे 200 कोटी लिटर डिझेल जळत असे. त्या काळी डिझेलचा दर शासननियंत्रित होता. शेती व वाहतुकीला दिलासा देणाऱ्या सवलतीचा लाभ अशा रीतीने दूरसंचार व्यवसायालाही मिळाला. गावातील घरे अंधारात असताना मनोरा अखंड चालू राहिला, हे या कालखंडाचे वैशिष्ट्य होय.

धोरण आणि ग्रीड

जानेवारी 2012 मध्ये दूरसंचार विभागाने 2015 पर्यंत ग्रामीण भागातील किमान 50 टक्के आणि शहरी भागातील 20 टक्के मनोरे संमिश्र ऊर्जेवर चालविण्याचे निर्देश दिले. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. तथापि मूळ प्रश्न ग्रीडचाच होता. 30 व 31 जुलै 2012 रोजी ग्रीड कोसळले आणि 60 कोटींहून अधिक लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. पुढे 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर या 765 किलोव्होल्ट वाहिनीद्वारे दक्षिण ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले. एवढ्या विशाल ग्रीडचे संतुलन क्षणोक्षणी राखणे संगणकीकृत भारप्रेषण केंद्रांविना अशक्य आहे. ज्या तंत्रज्ञानाने डिझेलची मागणी वाढविली, त्याच तंत्रज्ञानाने वीजव्यवस्थेच्या एकीकरणासही हातभार लावला.

विदाकेंद्रांचे आव्हान

2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याचा वापर कैक पटींनी वाढला. येथे जेव्हन्स यांचे निरीक्षण पुन्हा प्रत्ययास येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातील विदाकेंद्रांनी सुमारे 415 अब्ज युनिट, म्हणजे जागतिक वीजवापराच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली. समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येत असल्याने भारतातील विदाकेंद्रे मुंबई–नवी मुंबई परिसरात मोठ्या प्रमाणावर एकवटली आहेत. पूर्वी लाखो मनोऱ्यांवर विखुरलेली मागणी आता मोजक्या ठिकाणी केंद्रित होत आहे.

समारोप

डिजिटल तंत्रज्ञान स्वभावतः ऊर्जा वाचविणारे नाही आणि उधळणारेही नाही. सार्वजनिक वीजव्यवस्था दुर्बल असते, तेव्हा समर्थ ग्राहक आपली पर्यायी सोय करतो आणि तिचा भार समाजावर पडतो, हा मनोऱ्यांच्या इतिहासाचा धडा आहे. विदाकेंद्रांना वीज देताना ती कोणत्या स्रोतातून व कोणाच्या खर्चाने दिली जाते, हा प्रश्न म्हणूनच मूलभूत ठरतो. मनोऱ्यांच्या बाबतीत धोरण यंत्रापेक्षा दीड दशक उशिरा आले. या विलंबाची पुनरावृत्ती टाळणे हे आजच्या धोरणकर्त्यांचे दायित्व आहे.