सिटिझन्स बँड रेडिओ
सिटिझन्स बँड (सीबी) रेडिओ : सामान्य नागरिकांसाठी राखलेल्या, २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यात चालणारी अल्प पल्ल्याची दुतर्फी बिनतारी संदेशयंत्रणा. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर ती ट्रकचालकांत लोकप्रिय झाली. १९७७ पासून तेथे ४० चॅनेल आहेत. ९ वे आणीबाणीसाठी, तर १९ वे महामार्गावरील ट्रकचालकांच्या वापरातले. बोलताना मायक्रोफोनची कळ दाबून धरतात, ऐकताना सोडतात. संदेश नसतानाची खरखर स्क्वेल्च या फिरत्या नियंत्रकाने दबते. मात्र तो जास्त फिरवल्यास क्षीण संदेशही गाळले जातात. आवाज पोहोचत नसल्यास प्रथम अँटेना, तिची केबल आणि गाडीच्या सांगाड्याशी असलेली जोडणी तपासतात. अँटेनाची जुळणी दाखवणाऱ्या मीटरवर स्थायी तरंग गुणोत्तर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे निदर्शक) २ पेक्षा कमी असावे; ते ३ च्या पुढे गेल्यास प्रक्षेपण थांबवावे, अन्यथा अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर जळू शकतो.