दोन समाध्यांचं गाव

आमच्या आंबवड्यात पाहुणा आला की आधी झुलता पूल बघतो. भोरच्या पंतसचिवांनी संस्थानच्या काळात बांधलेला हा पूल. पोरं त्याच्यावर मुद्दाम पाय आपटत जातात आणि पाव्हण्याच्या पोटात गोळा आणतात. पलीकडं पायऱ्या उतरून गेलं की झाडीत नागेश्वराचं देऊळ. पाहुणा हात जोडतो, गार वाटलं म्हणतो आणि भोरच्या यष्टीची वेळ विचारतो. गावात दोन समाध्या आहेत, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. एक कान्होजी जेध्यांची, दुसरी शंकराजी नारायण सचिवांची. जिवा महालाची समाधीही आमच्याच गावात असल्याचं जुनी माणसं सांगत आली. पण आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या आज्याच्या बोलण्यात कायम असायच्या त्या पहिल्या दोनच. त्यांचं कारण मला कळलं ते १९७८ च्या मार्गशीर्षात, पाच दिवस डोंगर तुडवल्यावर.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दहावी होऊन घरीच बसलेलो. वडील मुंबईला लालबागला गिरणीत. त्यांचं पत्र आलं होतं, ‘बदलीवर लावतो, पोराला धाडून द्या.’ आबांच्या मनात मी जावं असं नव्हतं. एक मुलगा गिरणीनं नेला, आता नातूही जाणार, मग ही भातखाचरं कोण बघणार? घरात दोन पक्ष पडले. आई वडिलांकडून, आजी आबांकडून, आणि मी दोन्हीकडून. दिवसा मुंबई बरी वाटायची, रात्री खळ्यावर झोपल्यावर गाव बरं वाटायचं.

भात झोडून झालं, कणगी भरली आणि आबा एकदम म्हणाले, “प्रतापगडला जाऊन येऊ. चालत. आल्यावर काय त्ये ठरीव.”

प्रतापगडाचा दिवस म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान पडला, ती तिथी. आबा जमेल त्या वर्षी त्या दिवसाला गडावर जायचे. सामान काय, तर दोन घोंगड्या, एक पडशी, तीत भाकरी, लसणाची चटणी, कांदे, गूळ-शेंगदाणे, एक तांब्या आणि कोयता. आताची पोरं पाठीवर केवढाली ओझी बांधून डोंगरात जातात ते बघतो तेव्हा मला ती पडशी आठवते.

पहिल्या दिवशी कारीला गेलो. जेध्यांचं गाव. रोहिड खोऱ्याची देशमुखी यांच्याकडं. वाड्यापुढं आबांनी पायताण काढलं आणि लांबूनच नमस्कार केला. या घराचं महाराष्ट्रावर एक वेगळंच ऋण आहे. कारीच्या दयाजीराव सर्जेराव जेध्यांनी घरातली जुनी शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापून आली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, ही नोंद त्या शकावलीतली. तोवर १६२७ साल धरून चालत. सरकारनं १९ फेब्रुवारी ही तारीख मानली ती २००१ मध्ये. एका खेड्यातल्या घरानं कागद जपले नसते, तर हा वाद मिटायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

कारीहून रायरेश्वर चढलो. या डोंगराला चढायला खालच्या गावांनी आपापल्या वाटा ठेवल्यात. गायदरा, लोहदरा, निसणीची वाट, अशी त्यांची नावं. निसणी म्हणजे शिडी, तेवढ्यावरून चढ ओळखावा. आबा सत्तरीला टेकलेले, पण मला मागं टाकून गेले. वर साडेचार हजार फुटांच्या आसपास लांबच लांब पठार, त्यावर जंगमांची घरं आणि महादेवाचं देऊळ. स्वराज्याची शपथ इथं झाली असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. १६४५ सालच्या ज्या पत्राचा त्याला आधार देतात, त्याच्या अस्सलपणावरून इतिहासकारांत मतभेद आहेत. आबांना त्याचं काही नव्हतं. जंगमाच्या पडवीत घोंगडीवर आडवे होत ते म्हणाले, “शपथ घ्याला काय लागतं रं? बेलाचं पान आन् दोन घोट पाणी. निभवाय लागतं त्ये खरं.”

आणि त्या रात्री त्यांनी कान्होजींची गोष्ट लावली.

अफजलखान विजापुराहून निघाला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशहाची फर्मानं आली. खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन जाईल. कान्होजींना आलेल्या फर्मानाची तारीख १६ जून १६५९. कान्होजी तसे शहाजीराजांच्या पदरचे, वयानं वडील माणूस. फर्मान घेऊन ते पाच मुलांसह महाराजांकडं गेले आणि कागद समोर ठेवला. महाराज म्हणाले, तुमच्या शेजारचे गेले, तुम्हीही जा, वतन राखा. जेधे करीन्यात पुढं आहे ते असं, की कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं आणि तिथंच राहिले. मग महाराजांनी त्यांना बायकापोरं तळेगावास हलवायला सांगितली.

शेजारचे म्हणजे उत्रोळीचे खंडोजी खोपडे. भोरजवळचं गाव. एकाच खोऱ्यातली ही दोन घरं. एक खानाकडं गेलं, एक राजांकडं राहिलं.

“मग खोपडे वाईट?” मी विचारलं.

आबा बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, “झोप. उद्या लई चालायचंय.”

दुसऱ्या दिवशी पठार तुडवून जांभळीच्या खोऱ्यात उतरलो. वळकी नदीचं हे खोरं वाई तालुक्यात येतं. एका घरी पाणी मागितलं तर माउलीनं ताक दिलं आणि विचारलं, “कुठलं पाव्हणं?” आंबवडं म्हटल्यावर तिच्या सासूची कुणी मावशी आमच्याकडं दिलेली निघाली. मग काय, रात्री नाचणीची भाकरी आणि आमटी. दोन तालुक्यांच्या मधे डोंगर उभा होता, पण सोयरिकी डोंगर ओलांडून झालेल्या. हे खोरं, ते खोरं हा भेद गाडीरस्त्यानं आणला. वाई-भोरला वळसा घालून जायची सवय लागली आणि मधल्या वाटांवर कारवी माजली.

तिसरा दिवस कोळेश्वराचा. जांभळी आणि जोर या दोन खोऱ्यांच्या मधे हे पठार आडवं पडलंय. माथ्यावर असं रान की दुपारी बारा वाजताही खाली ऊन टिकली-टिकलीनं पडतं. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा, त्यांच्यावर चढलेल्या वेली, आणि खोडांवर हिरवं शेवाळ. महाबळेश्वराच्या या डोंगरांवर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पाऊस गेल्यावर दोन महिन्यांनीही पाचोळ्याखाली माती ओली होती. एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर गेलं तेवढाच आवाज. गव्याचं ताजं शेण दिसलं तसं आबांनी मला काठी आपटत चालायला सांगितलं.

आणि तिथं आमची वाट चुकली.

दोन वाटा फुटल्या होत्या. आबा एकीवर शंभर पावलं गेले, परत आले, दुसरीवर गेले, परत आले. तोंड उतरलं. ज्या माणसाला मी डोंगराचा नकाशा समजत होतो तो एका मुळावर बसला आणि म्हणाला, “मला याद ऱ्हायली न्हाई रं पोरा.” मला रडू यायचं बाकी होतं. तांब्यात दोन घोट पाणी. धुकं उतरायला लागलेलं.

त्या बसण्यातच त्यांनी दुसऱ्या समाधीची गोष्ट सांगितली. शंकराजी नारायण म्हणजे भोरच्या सचिव घराण्याचे मूळ पुरुष. औरंगजेबाच्या धामधुमीत या माणसानं आमच्या भागातले किल्ले मोगलांकडून झुंजून परत घेतले. राजाराम महाराज गेले, तसे ते ताराराणींच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांच्याशी शपथेनं बांधले गेले. मग १७०७ साली औरंगजेब मेला आणि संभाजीराजांचा मुलगा शाहू कैदेतून सुटून आला. थोरल्या पातीचा वारस. एकीकडं दिलेला शब्द, एकीकडं गादीचा हक्क. शब्द मोडवेना आणि शाहूंवर तलवार उपसवेना. त्या पेचात सचिवांनी आमच्या आंबवड्यात आपला देह ठेवला. शाहू महाराजांनी पुढं काय केलं, तर सचिवांच्या लहान मुलाला, नारो शंकरला, बापाचं पद कायम केलं.

“म्हंजी,” आबा म्हणाले, “शाहू राजानं राग धरला न्हाईच. सचिव जगलं असतं तर त्यास्नीबी धरला नसता. येवढा मोठा मानूस, दोन वाटा बघून बसून ऱ्हायला. तू बसू नगंस. ऊठ. तूच काढ वाट.”

मी उठलो. दोन्ही वाटांवर खाली बघत गेलो. डावीवर गव्याचं शेण होतं, उजवीवर म्हशींचं. म्हशी म्हणजे धनगरवाडा, आणि धनगरवाडा म्हणजे पाणी. उजवीकडं निघालो. तासाभरात कुत्र्याचं भुंकणं कानावर आलं. आयुष्यात कुठल्या गाण्यानं मला एवढा आनंद दिला नाही. धनगरानं दूध पाजलं, वाटेला लावून दिलं आणि दिवेलागणीला आम्ही जोरला उतरलो. कृष्णेच्या अगदी उगमाकडचं हे गाव. हिरडा, मध आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी, यावर जगणारं. पुढं त्या खोऱ्यात बलकवडीचं धरण झालं.

चौथ्या दिवशी जोरहून क्षेत्र महाबळेश्वरी चढलो, पंचगंगेच्या देवळात पाणी प्यालो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. कृष्णा, वेण्णा, कोयना देशाकडं वळतात, सावित्री कोकणात उतरते. आबा म्हणाले, “बग, एका घरातल्या पाच भैनी. एक तिकडं दिली म्हनून कुनी तिला परकी म्हनतं का?” मी काही बोललो नाही. पण ते कुणाविषयी बोलत होते ते मला समजायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी रडतोंडीच्या घाटानं पारला. नावाप्रमाणंच उतार. खानाचं लष्कर, हत्ती-उंटांसह, याच घाटानं खाली आणवलं गेलं. पारला कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, रामवरदायिनीचं देऊळ आहे. खानाचा तळ इथंच पडला होता, आणि वर गडावरून इशारत झाल्यावर या तळावर तुटून पडलेल्यांत जेधे-बांदलांचे लोक होते. म्हणजे आमच्या खोऱ्यातले. आबांनी पुलाच्या दगडावर हात फिरवला.

गडावर गर्दी होती. भवानीचं दर्शन झालं. महाराजांच्या घोड्यावरच्या पुतळ्यापुढं बसलो तेव्हा आबा हसायला लागले. १९५७ साली, ३० नोव्हेंबरला, पंडित नेहरू या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हाही आबा आले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीनं पसरणीच्या घाटात काळी निशाणं दाखवली, तोच दिवस.

“तुमी निशान दाखवाय गेला हुता का नेहरूस्नी बघाय?”

“दोन्हीला,” आबा म्हणाले. “आदी निशान दाखवलं, मंग बगितलं.”

तिथं भाकरी सोडली आणि पहिल्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खान पडल्यावर खंडोजी खोपडे रानोमाळ लपत फिरले. शेवटी जीव वाचवायला त्यांनी कुणाची ओटी गाठली असेल? कान्होजींची. ज्या माणसाचं वतन बुडवायला हे निघाले होते, त्याचीच. आणि कान्होजींनी महाराजांपाशी शब्द टाकला. महाराजांनी जीव घेतला नाही, पण उजवा हात आणि डावा पाय तोडला. कान्होजींना दिलेला शब्द मोडला नाही आणि फितुरीला शिक्षाही झाली.

“लोक कान्होजींचं पानी सोडलेलं सांगत्यात,” आबा म्हणाले. “मला त्ये दुसरं मोठं वाटतं. चुकलेला मानूस दाराशी आला तर दार उगडलं. तू मम्बईला जातूस, जा. तुज्या बापाशीबी मी धा वर्सं नीट बोललो न्हाई, त्ये माजं चुकलं.”

परतीला यष्टीनं आलो. पाच दिवसांचे डोंगर एका दुपारीत मागं गेले.

मी मुंबईला गेलो. बदलीवर लागलो, कायम व्हायची वाट बघत राहिलो. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आज मिटेल, उद्या मिटेल करत दीड वर्ष गेलं. खोलीचं भाडं थकलं, वडिलांनी अंथरूण धरलं. १९८३ च्या आषाढात आम्ही बापलेक एक पत्र्याची पेटी घेऊन आंबवड्याच्या फाट्यावर उतरलो. पाऊस धरलेला. घरापर्यंतची वाट मला कोळेश्वरापेक्षा लांब वाटली. वडील पुढं व्हायला तयार नव्हते. त्यांचा हात मी धरला होता.

आबा पडवीत इरलं नीट करत बसले होते. त्यांनी वर बघितलं. आधी माझ्याकडं, मग बराच वेळ आपल्या लेकाकडं. वडिलांनी मान खाली घातली.

“हात-पाय धड हायती न्हवं दोघांचं?” आबा म्हणाले. “मंग झालं तर. च्या घ्या आन् चला, वरल्या खाचराची चिखलणी ऱ्हायलीया.”

खोपड्यांची गोष्ट माझ्याशिवाय त्या घरात कुणाला आठवली नसावी. मला मात्र हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पाऊस होता, म्हणून कुणाला कळलं नाही.