हिस्टेरिकल

मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये एक सहकारी सांगत होती, की टेस्टिंग पूर्ण झालेलं नाही, रिलीज पुढे ढकला. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज जरा चढला, एवढंच. मी पटकन बोलून गेलो, "इतकं हिस्टेरिकल व्हायची गरज नाही." ती गप्प बसली. नंतर एकानं चक्क टेबल आपटलं, तर तो 'पॅशनेट' ठरला!

शब्द डोक्यातून जाईना, म्हणून शनिवारी त्याच्या मुळाशी गेलो. ग्रीकमध्ये 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. 'हिस्टरेक्टॉमी'तला तोच. म्हणजे 'हिस्टेरिकल'चा शब्दशः अर्थ 'गर्भाशयासंबंधी'. प्राचीन ग्रीकांची समजूत अशी, की गर्भाशय जागा सोडून शरीरात भटकतं आणि बाई गुदमरते. दुसऱ्या शतकात इफेससच्या सोरेनस या वैद्यानं हे भटकणं नाकारलं. पण समजूत टिकलीच.

गंमत म्हणजे एकदा हेच निदान बाईच्या बचावासाठी पुढे आलं. १६०२ साली लंडनमध्ये एलिझाबेथ जॅक्सन या म्हातारीवर मेरी ग्लोव्हर नावाच्या मुलीवर चेटूक केल्याचा खटला झाला. डॉ. एडवर्ड जॉर्डन यांनी साक्ष दिली, की हे चेटूक नाही, गर्भाशयाचा आजार आहे. कोर्टाला पटलं नाही, म्हातारीला शिक्षा झाली. जॉर्डननी मग १६०३ मध्ये या आजारावर पुस्तिकाच काढली.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी हा मज्जासंस्थेचा आजार मानला आणि तो पुरुषांनाही होतो हे दाखवलं. गर्भाशय बाद झालं, नाव राहिलं! १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ मधून 'हिस्टेरिया' हे निदानही गेलं. रुग्णांचा त्रास खरा होता. तो 'कन्व्हर्जन डिसऑर्डर' वगैरे नावांखाली विभागला गेला.

विशेषण मात्र मोकाट सुटलं. आधी अवयव, मग आजार, मग स्वभाव. हल्ली तर धमाल विनोदालाही 'हिस्टेरिकल' म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन कधीच डेप्रिकेट झालंय, पण कोडमध्ये कॉल अजून चालूच आहेत. आणि त्यातला एक मी केला होता. तिचा मुद्दा खोडायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून.

असो. सोमवारी सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ते राहू दे रे, माझी यादी वाचलीस का?"

नव्हती वाचली. मग वाचली. अकरा टेस्ट फेल होत होत्या.