सरवा, हुरडा आणि तिकीट

दुसऱ्याच्या रानात जाऊन पोरांनी आपल्या हातानं तोडून खायचं, ही गोष्ट आता शहरातल्या लोकांना नवी वाटते. त्याच्या पाट्या लागतात, जाहिराती येतात. आमच्या बार्शीकडच्या भागात मात्र त्यासाठी जुने चार शब्द आहेत : सरवा, वानवळा, येळवस आणि हुरडा. चारींचे कायदे वेगवेगळे. कुणी तोडायचं, कधी तोडायचं, किती न्यायचं आणि मालकानं कुठं गप्प बसायचं, हे सगळं ठरलेलं. कागदावर कुठं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पाचवा शब्द तिकीट. तो आमच्या डोळ्यांदेखत आला. हे सगळं कसं होत गेलं ते एकदा लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

आधी सरवा. पीक निघालं, माल खळ्यावर गेला, की रानात जे मागं राहतं तो सरवा. भुईमुगाचे वेल उपटले की काही शेंगा मातीत तुटून राहतात. जोंधळा काढला की धसकटांत एखादं कणीस दडून बसतं. बाया-पोरं खुरपी घेऊन यायची, दिवसभर माती उकरायची आणि फडक्यात बांधून न्यायची. कायदा असा, की मालकाची शेवटची पेंढी रानाबाहेर पडल्याशिवाय कुणी बांध ओलांडायचा नाही. आणि ती पडली, की मालकानं पुन्हा रान धुंडाळायचं नाही. माझी आज्जी म्हणायची, "सरव्याला मालक नसतो रं." कुणी फारच काटेकोर असला, दोनदा रान वेचून घेतलं, तर गावात त्याचं नाव निघायचं.

वानवळा म्हणजे नव्या मालातला थोडा वाटा शेजारी-पाजारी द्यायचा. पहिल्या शेंगा, पहिली वांगी, चार कणसं. तो मागायचा नसतो, आलेला परत करायचा नसतो, आणि भांडं रिकामं पाठवायचं नसतं. आणि येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडं हा मोठा सण, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या काही भागातही. रानात कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे बांधून न्यायचे. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. गावात चिटपाखरू राहत नाही, लातूरसारख्या शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात. पोरांना रानात न्यायचा दिवस आमच्याकडं पंचांगातच लिहिलेला होता म्हणा ना.

आता हुरडा. हस्ताच्या पावसावर पेरलेला शाळू पौषात दाण्यात येतो. दाणा नखानं दाबला आणि नुसतं दूध उडालं, तर कणीस कोवळं आहे. दाणा टणक लागला, तर तो जोंधळा झाला. ह्या दोन्हींच्या मधले आठ-दहा दिवस हुरड्याचे. जमिनीत वीतभर खड्डा घ्यायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्याला आगटी म्हणायचं. विस्तवात कणसं खुपसायची, फिरवायची, काढून गरम गरम तळहातावर चोळायची. फोलपट फुंकून टाकायचं की हिरवा दाणा हातात. बरोबर लसणाची चटणी, शेंगदाणे, गूळ, दही. भाकरीसाठी मालदांडी पेरायचो. ही मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली जात, आमच्याच जिल्ह्यातली. पण हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती अशा गोड, सहज सुटणाऱ्या जाती बांधाच्या कडेनं चार-सहा ओळी असायच्याच. त्या ओळींचं धान्य कधी खळ्यावर आलेलं मी बघितलं नाही. त्या पोरांच्या आणि पाखरांच्या.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर जुनं ते सगळं सोनं असा समज होईल. सरवा वेचायला येणारी पोरं आणि हुरड्याला बोलावलेली पोरं ही एक नसायची. आगटीभोवती पाव्हणे, भावकी, शाळेतले मास्तर, तलाठी बसायचे. सरवा वेचायला यायची ती ज्यांना रान नाही त्यांची पोरं. आणि रान कुणाला का नाही, हे बहुतेक वेळा जातीवरून आधीच ठरलेलं. एका रानात दोघांनी तोडून खाल्लं, पण एकानं मानानं आणि एकानं मान खाली घालून. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे पुस्तक 1915 सालचं. बलुतेदार-अलुतेदारांचं देणंघेणं आणि कुणब्याच्या खळ्यावर किती जणांचे हात पडायचे, हे त्यांनी सविस्तर मांडलंय. ते वाचलं की कळतं, शेतकऱ्याचं देणं नुसत्या प्रेमाचं नव्हतं. त्यात रीत होती, धाक होता, आणि ज्याला घ्यावं लागत होतं त्याचा नाइलाजही होता.

हे सगळं पहिल्यांदा थांबलं ते 1972 च्या दुष्काळात. मी दहा-बारा वर्षांचा असेन. त्या साली रानात सरवाच नव्हता, कारण पीकच नव्हतं. ज्यांच्या घरी आगटी पेटायची ती माणसं आणि जी सरवा वेचायची ती माणसं, दोघंही दुष्काळी कामावर एका ओळीत खडी फोडायला बसली. कामावर सुकडी मिळायची. रेशनच्या दुकानात अमेरिकेतला लाल मिलो आला. तोही जोंधळाच, पण त्याची भाकरी आईला थापता येईना. दुष्काळानं जेवढी माणसं एका पंगतीला बसवली, तेवढी आमच्या गावात कुठल्या सणानं बसवली नव्हती.

त्यानंतर शेतीच बदलली. संकरित जोंधळा तसा आधीच आला होता, सीएसएच-1 हे वाण 1964 सालचं. ताट बुटकं, उतारा जास्त. दुष्काळानंतर तो घरोघर गेला. पण तो खरिपातला. दाणे भरायच्या वेळेला पाऊस लागला की कणीस काळं पडायचं आणि हुरड्याला त्याची गोडी नाही. पुढं रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागला, कालव्याचं पाणी आलं तिथं ऊस आला, बोअर पाडली तिथं द्राक्षं आली, कोरडवाहूत सोयाबीन आलं. शाळूचं रान आखडत गेलं. कडेच्या गुळभेंडीच्या ओळी तर आधी गेल्या, कारण चार एकर शाळूला सहा ओळी सोडता येतात, अर्ध्या एकराला कशा सोडायच्या?

आम्हीही 1990 नंतर द्राक्षबाग लावली. माझ्या मते पोरांच्या हाताचा खरा इतिहास इथं वळला. बाग म्हणजे आठवड्याला फवारणी. भुरीसाठी एक, डाऊनीसाठी दुसरं, मण्याची लांबी वाढावी म्हणून तिसरं. शाळेतून आलेलं पोर बागेत शिरलं, की आपल्याच तोंडातून निघायचं, "हात लावू नको!" माझ्या बापानं मला रानात चोरी करू नको म्हणून सांगितलं असेल, खोड्या करू नको म्हणून हाणलंही असेल, पण आपल्या रानातलं तोंडात घालू नको, असं त्यानं कधी म्हटलं नाही. ते म्हणणारी आमची पहिली पिढी. 2010 साली एका औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडली, तेव्हा सगळ्यांना अंश, तपासणी, काढणीपूर्व दिवस हे शब्द पाठ झाले. परदेशातल्या माणसाच्या तोंडात काय जातंय याची वही आम्ही ठेवायला लागलो. बागेभोवती तार आली. सरवा, वानवळा, हुरडा सगळं तारेबाहेर राहिलं.

त्याच सुमाराला तिकीट आलं. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी 2005 च्या आसपास कृषी पर्यटन सुरू केलं. शहरातली माणसं पैसे देऊन रान बघायला येतील, बैलगाडीत बसतील, झाडाचं फळ तोडतील, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आमच्या पारावर हशा झाला असता. पण माणसं आली. पुण्याच्या आसपास हुरडा पार्ट्या वाढल्या. 2020 साली राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणच काढलं. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी खास हुरड्यासाठी 'फुले मधुर', 'परभणी वसंत' अशी वाणं दिली. जी जात आमच्या आज्ज्या बांधाकडेला पोरांसाठी पेरायच्या, तिच्यासारखं बियाणं आता पिशवीत मिळायला लागलं.

मी स्वतः तिकिटाचं रान पहिल्यांदा बघितलं ते महाबळेश्वरला. पुण्याच्या मुलीची दोन पोरं, एक सहा वर्षांचा, एक चार वर्षांची, बरोबर होती. तिथला मुलूखच बाहेरून आलेलं पीक रुजवणारा. इंग्रजांच्या काळात तिथं चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. बटाटे आणि विलायती भाजी ते कैदी पिकवायचे. स्ट्रॉबेरीही साहेबामुळंच आली, आणि 2010 साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. गादीवाफे, त्यावर मल्चिंग पेपर, खाली ठिबक, आणि पानाखाली लालभडक फळ. मळेवाल्यानं पोरांना खाली बसवून शिकवलं : फळ ओढायचं नाही, देठ नखानं खुडायचं. टोपीपर्यंत लाल झालेलंच घ्यायचं, कारण हे फळ तोडल्यावर आढीत पिकत नाही, आंब्यासारखं नाही. ज्या ओळींत पोरं सोडायची तिथलं फवारणीचं वेळापत्रक त्यानं वेगळं ठेवलं होतं, औषधाचे दिवस पुरे झाल्याशिवाय त्या ओळी उघडायच्या नाहीत. खाल्लेलं फुकट, नेलेलं वजनावर.

थोरल्या नातवानं खुडायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "आबा, खरंच तोडू? कुणी ओरडणार नाही?" सहा वर्षांच्या पोराला फळाला हात लावायची परवानगी मागावी लागते, हे मला लागलं. मळेवाला हसून म्हणाला, "तोड की बाळा, तुझ्यासाठीच ठेवलंय." धाकटीनं तोवर चार खाऊन फ्रॉक लाल केला होता.

मी त्याला परवडतं का विचारलं. तो म्हणाला, "काका, पोरं तुडवतात, कच्चं तोडतात, ते धरूनच चालायचं. पण पेटीला बाजारात काय मिळंल ते व्यापाऱ्याच्या हातात. हितं भाव माझा." तेवढ्यात बांधावर तोडणीवाल्या बाईची पोरगी दिसली. आमच्या नातीएवढीच. आई पेट्या भरत होती आणि ही पेट्यांचे कागद सारखे करून देत होती. तिनं एकही फळ तोंडात घातलं नाही. कुणी मनाई केली होती असं नाही, पण तिला ते ठाऊक होतं. मला आमच्या सरव्याची पोरं दिसली.

गावी आलो तर धाकट्या मुलाचं वेगळंच चाललेलं. द्राक्षाची बाग काढून दोन एकर हुरड्याचा शाळू करायचा, माणशी तिकीट लावायचं. मी म्हटलं, "ताक आणि हुरडा विकत नसतात." तो म्हणाला, "अण्णा, दूध डेअरीला घालताच ना? मग ताकानं काय घोडं मारलंय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बागेचं कर्ज त्याच्या नावावर, औषधाच्या दुकानाची उधारी त्याच्या नावावर. शिवाय त्याचा एक मुद्दा खरा होता : तिकीट जात विचारत नाही. पैसे दिले तो आगटीपाशी बसला, मधली जागा कुणाला राखून नाही. आमच्या जुन्या आगटीला हे जमलं नव्हतं. पण तिकीट खिसा विचारतं, हे माझं म्हणणं त्यानंही मान्य केलं.

आता तीन हंगाम झाले. डिसेंबरच्या शेवटापासून लोक येतात, बहुतेक लहान पोरं घेऊन. सगळा शाळू एकदम हुरड्याला येऊन चालत नाही, म्हणून पेरा दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तुकड्यातुकड्यात करावा लागतो. पोरांना अंगभर कपडे घालून आणा म्हणून आधी सांगतो, नाहीतर कूस लागून अंग खाजतं. आगटीपासून हातभर लांब दोरी आणि विहिरीला जाळी, ही दोन कामं पहिल्या वर्षीच केली. नखानं दाणा कसा बघायचा ते मी शिकवतो. एवढीशी पोरं चार कणसं बघून बरोबर पाचवं तोडतात. त्यांचे आईबाप मात्र दिसेल ते मोडतात. कणसं चोळायला गावातल्या सहा बाया रोजानं असतात. त्यातल्या दोघींच्या आया आमच्याच रानात सरवा वेचायला यायच्या.

म्हणून मी एक अट घातली. शेवटच्या पेऱ्यातल्या सहा ओळींचं तिकीट लावायचं नाही. लोकांचं येणं संपलं, की गावच्या शाळेतली पोरं, चोळणाऱ्या बायांची पोरं, ऊसतोडीची टोळी जवळपास असेल तर त्यांची पोरं, सगळ्यांनी यायचं, त्याच आगटीपाशी बसायचं आणि आपल्या हातानं तोडायचं. उरलंसुरलं वेचायला नव्हे, उभ्या पिकात. मुलानं हिशेब केला, सहा ओळी फार होतात म्हणाला. चारवर तडजोड झाली. त्या दिवसाला काय नाव द्यायचं असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, जुनाच शब्द आहे. आता त्याच्या बुकिंगच्या वहीत त्या तारखेसमोर 'सरवा' असं लिहिलेलं असतं आणि पैशाच्या रकान्यात आडवी रेघ असते.