गारव्याचा हिशेब

१९०२ साली विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली. १९३९ मध्ये पॅकार्ड मोटारीत गारवा आला, पण इंजिन थांबले की तोही थांबे. अमेरिकेतील फिरत्या घरांना तर मुक्कामातच गारवा हवा. म्हणून छपरावर विजेचे यंत्र आले. एक यंत्र सुमारे १५०० वॅट घेते. तळावरची ३० अँपिअर, १२० व्होल्टची जोडणी ३६०० वॅट देते. दोन यंत्रांसोबत शेगडी लावली, की वीज गुल!

मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरची जोडणी लागते. आपण चटकन ६००० वॅट म्हणू. पण तिच्यात फेजच्या दोन तारा असतात, प्रत्येकीत ५० अँपिअर. म्हणजे १२,००० वॅट. नुसता अँपिअरचा आकडा वाचून भागत नाही, हे आपण वर्गात जरूर सांगू या.